तिसरा आश्रय

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. इतिहास हा विषय घेऊन तो चांगल्या रीतीनें पदवीधर झाला व पुढें एका पतपेढींत नोकरीस लागला. परंतु कॉलेजांत असतांना सह्याद्रीच्या घाटवाटा तुडविण्याचा जो नाद त्याला लागला तो कांहीं सुटला नाहीं. कोणती वाट कोठून उतरते, पाण्याचें टाकें कोठें आहे, कोणत्या खिंडींत पूर्वीं जकातीचें ठाणें होतें, हें सारें तो आपल्या संकेतस्थळावर लिहीत असतो. आणि त्या लेखांच्या कडेस ज्या जाहिराती झळकतात त्यांपासून त्याला महिन्याकांठीं थोडेफार डॉलर मिळतात. अगदीं आरंभीं जाहिराती पुरविणाऱ्या कंपनीनें त्याच्या पत्त्याची खातरजमा करण्यासाठीं एक सांकेतिक अंक छापलेलें पाकीट साध्या टपालानें धाडलें होतें. तें पाकीट त्यानें जपून ठेवलें आहे, व मला दाखविण्यासाठीं तो तें मुद्दाम घेऊन आला होता. चहा झाल्यावर त्यानें हळूच विषय काढला, “सर, नोकरी सोडून हेंच करावें म्हणतों. यावर संसार चालेल का?”

मीं लगेच उत्तर दिलें नाहीं. इतिहासाच्या शिक्षकाला भविष्य विचारणें म्हणजे वैद्याला पत्रिका दाखविण्यासारखें आहे. परंतु त्या प्रश्नालाहि एक इतिहास आहे, आणि तो प्रश्न विचारणाराला वाटला होता त्याहून पुष्कळ जुना आहे. तो येथें थोडक्यांत सांगावा असा विचार आहे. कारण हा प्रश्न एकट्या त्या विद्यार्थ्याचा नाहीं; ज्या भाषेंत वर्गणीदार मोजके आणि लिहिणारे उदंड, त्या भाषेचाहि तो प्रश्न आहे.

लिहून पोट भरूं पाहणाराला आजवर तीन आश्रय लाभले. पहिला राजाश्रय. त्यांत मानमरातब होता, पण धन्याची मर्जी फिरली कीं सारें संपे. दुसरा लोकाश्रय, म्हणजे वाचकांची वर्गणी. हा सर्वांत सन्मानाचा खरा. परंतु वर्गणी थकविणाऱ्यांच्या याद्या पाहिल्या म्हणजे आपल्याकडील संपादक अकालीं कां म्हातारे होत, हें कळतें. तिसरा आश्रय जाहिरातीचा. याची मौज अशी कीं, यांत पैसे देणारा एक, घेणारा दुसरा, आणि ज्याच्या नांवावर सौदा होतो तो वाचक तिसराच. वाचकाला वाटतें आपण फुकट वाचतों. जाहिरातदाराला वाटतें आपण वाचक विकत घेतला. लेखकाला वाटतें आपण कोणाचेच मिंधे नाहीं. तिघांच्याहि समजुतींत थोडें थोडें तथ्य आहे, आणि म्हणूनच ही व्यवस्था इतकी वर्षें टिकून राहिली.

आपल्या देशांतील पहिलें छापील वृत्तपत्र २९ जानेवारी १७८० रोजीं कलकत्त्यास निघालें. तें ‘हिकीज बेंगॉल गॅझेट’ या नांवानें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या नांवास ‘ओरिजिनल कॅलकटा जनरल ॲडव्हर्टायझर’ असें जें शेपूट जोडलेलें होतें तें आपण सहसा उच्चारीत नाहीं. म्हणजे हिंदुस्थानांत वृत्तपत्र जन्मास आलें तें जाहिरातीचें बोट धरूनच. त्याचा मालक जेम्स ऑगस्टस हिकी हा कर्जापायीं तुरुंग पाहून आलेला मनुष्य. तो कांहीं साधुपुरुष नव्हता. त्याच्या पत्रांतील कुचाळक्या आज वाचल्या तरी ओशाळल्यासारखें होतें. तथापि कंपनी सरकारच्या एक पैशाचाहि तो आश्रित नव्हता, व त्यामुळें त्यानें गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर लेखणी उचलली. सरकारनें काय करावें? प्रथम त्यानें छापखान्यास हात लावला नाहीं, कीं जाहिरात देणाऱ्या व्यापाऱ्यांस दम भरला नाहीं. १४ नोव्हेंबर १७८० रोजीं एक हुकूम काढून हिकीचें पत्र सरकारी टपालानें पाठविण्याची मनाई करण्यांत आली. त्याच महिन्यांत निघालेल्या ‘इंडिया गॅझेट’ या प्रतिस्पर्धी पत्रास मात्र टपालाची सवलत मिळाली. हिकीनें हरकारे ठेवून कलकत्त्यांत पत्र वांटण्याचा आटापिटा केला. पण बाहेरगांवचा वाचक तुटला तो तुटलाच. पुढें अब्रुनुकसानीचे खटले होऊन १७८२ च्या मार्चमध्यें त्याचे टाइप जप्त झाले व पत्र बंद पडलें.

या कथेंत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट एकच आहे. हिकीला वाचकानें सोडलें नव्हतें, जाहिरातदारानेंहि सोडलें नव्हतें. त्या दोघांच्या मधला जो रस्ता, तो त्याच्या मालकीचा नव्हता.

पुढें एकोणिसाव्या शतकांत या तिसऱ्या आश्रयास बाळसें आलें. न्यूयॉर्कचीं दैनिकें सहा सेंटांस विकलीं जात असतां बेंजामिन डे यानें ३ सप्टेंबर १८३३ रोजीं ‘सन’ नांवाचें पत्र एका सेंटास काढलें. पॅरिसमध्यें एमिल द जिरार्दां यानें १८३६ सालीं ‘ला प्रेस’ काढून वार्षिक वर्गणी ऐशीं फ्रँकांवरून चाळीसांवर आणली. दोघांचाहि हिशेब एकच होता: वाचकाकडून आलेली तूट जाहिरातदाराकडून भरून काढावयाची. विद्वान् मंडळींनीं नाकें मुरडलीं. पण याच हिशेबानें वृत्तपत्र पक्षाच्या आणि सरदारांच्या खिशांतून सुटून हमालाच्या हातांत गेलें, हेंहि विसरतां येत नाहीं. इंग्लंडांत जाहिरातीवरील कर १८५३ सालीं उठला, वृत्तपत्रांवरील स्टँपकर १८५५ सालीं उठला, आणि तेथेंहि स्वस्त दैनिकांचें पीक आलें. आपल्याकडे तर ‘किर्लोस्कर’ मासिकाचा जन्मच १९२० सालीं कारखान्याच्या ‘किर्लोस्कर खबर’ या प्रसिद्धिपत्रांतून झाला. नांगराच्या जाहिरातीच्या शेजारीं कथा वाचण्याची गोडी मराठी वाचकास लागली ती तेथून. तेव्हां जाहिरातीचा पैसा आला म्हणजे वाङ्मय विटाळतें, हें मत इतिहासास धरून नाहीं. पैसा कोठून आला, यापेक्षां तो कोणत्या वाटेनें आला हें पाहिलें पाहिजे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. टिम बर्नर्स-ली यानें जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत जें ‘वर्ल्ड वाइड वेब’ विणलें, तें ३० एप्रिल १९९३ रोजीं त्या संस्थेनें सर्वांस विनामूल्य खुलें करून दिलें. अमेरिकेंतील इंटरनेटचा कणा असलेलें एन. एस. एफ. नेट सरकारी खर्चानें चाले, आणि त्यावरून निव्वळ व्यापारी दळणवळण करण्यास मनाई होती. तें १९९५ सालीं बंद होऊन त्याची जागा खाजगी कंपन्यांनीं घेतली. म्हणजे या जाळ्याच्या बालपणीं तेथें जाहिरात ही जवळजवळ निषिद्ध वस्तु होती. ज्याला कांहीं सांगावयाचें आहे त्यानें पदरच्या खर्चानें सांगावें, ज्याला ऐकावयाचें आहे त्यानें ऐकावें, असा तो मामला होता. मराठी मंडळींनीं परदेशीं बसून १९९६ सालीं ‘मायबोली’ सुरू केली ती याच हौसेच्या युगांत.

हौसेलाहि खर्च असतो. २७ ऑक्टोबर १९९४ रोजीं ‘वायर्ड’ मासिकाच्या ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर पहिल्या पट्टीजाहिराती झळकल्या. त्यांपैकीं ए. टी. अँड टी. या दूरध्वनि कंपनीची पट्टी फार प्रसिद्ध आहे: रुंदी ४६८ ठिपके, उंची ६० ठिपके. ज्यांनीं ती पाहिली त्यांपैकीं शेंकडा ४४ जणांनीं तिच्यावर टिचकी मारली असें सांगतात. आज शंभरांत एकानें मारली तरी जाहिरातदार धन्य होतो. त्या नवलाईच्या भरांत अनेकांस वाटलें कीं, चार मित्र, एक संगणक आणि एक पट्टी एवढ्यावर मासिक चालेल. १९९५ सालीं निघालेलीं ‘फीड’ आणि ‘सक’ हीं दोन बुद्धिमान् संकेतस्थळें याच विश्वासावर चाललीं. २००० सालीं शेअरबाजारांतील इंटरनेटचा फुगा फुटला, जाहिरातदार पळाले, आणि जून २००१ मध्यें दोन्हीं बंद पडलीं. छोट्या लेखकाची अडचण साधी होती. पट्टी विकण्यासाठीं विक्रेता लागतो, कचेरी लागते, ओळखी लागतात. एकट्या माणसापाशीं यांतलें कांहींच नसतें.

ही अडचण ज्या युक्तीनें सुटली ती युक्ति पाहण्यासारखी आहे. टिचकीच्या दराचा लिलाव करावयाचा, ही कल्पना १९९८ सालीं ‘गोटू’ नांवाच्या कंपनीनें काढली. शोधयंत्राच्या धंद्यांत असलेल्या गूगलनें ऑक्टोबर २००० मध्यें आपलें जाहिरातीचें दुकान उघडलें, पुढें तीच लिलावाची पद्धति उचलली, आणि जून २००३ मध्यें ‘ॲडसेन्स’ या नांवानें ती दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर नेली. लेखकानें करावयाचें एवढेंच: कंपनीनें दिलेल्या चार ओळी आपल्या पानांत चिकटवावयाच्या. मग यंत्र तें पान वाचतें, त्यांतील विषय ताडतें, त्या विषयासाठीं बोली लावणाऱ्या जाहिरातदारांचा लिलाव डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत उरकतें, व जिंकणाराची जाहिरात वाचकासमोर ठेवतें. त्या काळीं टिचकी पडली कीं लेखकाच्या खात्यावर कांहीं सेंट जमा होत. शंभर डॉलर सांचले म्हणजे रक्कम रवाना. विक्रेता नको, कचेरी नको, ओळख नको. बागकाम, जुनीं नाणीं, ताप आलेल्या मुलाची शुश्रूषा, सायकलची दुरुस्ती अशा विषयांवर घरबसल्या लिहिणारास आयुष्यांत प्रथमच असें वाटलें कीं, आपल्या ज्ञानाला बाजारांत भाव आहे. कोणा संपादकाचे उंबरे झिजविल्यावांचून, कोणा प्रकाशकाच्या मागें लागल्यावांचून, पोस्टमन धनादेश घेऊन दारीं येऊं लागला. हें सुख ज्यानें अनुभवलें आहे त्याला त्याच्या पुढच्या दुःखाबद्दल हंसूं नये.

कांहींचें तर नशीबच फळफळलें. कॅनडांतील व्हँकुव्हरचा मार्कस फ्रिंड यानें २००३ सालीं वधूवरांच्या नव्हे पण प्रेमिकांच्या गांठी घालून देणारें ‘प्लेंटी ऑफ फिश’ हें संकेतस्थळ काढलें, व आरंभींचीं कित्येक वर्षें आपल्या राहत्या जागेंतून एकट्यानें, याच जाहिरातींवर चालविलें. २०१५ सालीं तें ५७ कोटि ५० लक्ष डॉलरांस विकलें गेलें. अशा गोष्टी कानोपकानीं होऊन हजारों लोक या धंद्यांत उतरले. सोन्याच्या खाणीची बातमी सर्वांना कळते, खाणींत गाडल्या गेलेल्यांची कळत नाहीं.

येथें एक तपशील मुद्दाम नोंदून ठेवतों. जाहिरातदार जो पैसा देई त्यांतला किती लेखकास मिळतो आणि किती मध्यस्थ ठेवतो, हें त्या मध्यस्थानें सात वर्षें सांगितलेंच नव्हतें. मे २०१० मध्यें गूगलनें जाहीर केलें कीं लेखाच्या कडेस लागणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नांतून शेंकडा ६८ भाग संकेतस्थळाच्या मालकास मिळतो. वाटा कांहीं वाईट नव्हता. आपल्या मंडईंतले अडते पाहतां तो उदारच म्हणावा लागेल. परंतु सात वर्षें शेतकऱ्यानें माल घातला, पट्टी घेतली, आणि अडत किती कापली हें विचारलें नाहीं, ही गोष्ट त्या नात्याचें खरें स्वरूप दाखविते. या व्यवहारांत लेखक हा कोणाचा भागीदार नव्हता, नोकरहि नव्हता. तो कूळ होता.

कुळानें काय पेरावें हें मग आपोआप ठरूं लागलें. प्रत्येक शब्दाला लिलावांत निराळा भाव येई. ‘मेसोथेलिओमा’ हा शब्द त्या काळीं फार गाजला. ॲस्बेस्टॉसच्या धुळीनें होणारा हा एक दुर्धर कर्करोग. अमेरिकेंत त्याच्या रोग्यांस कारखान्यांकडून मोठ्या नुकसानभरपाया मिळत, व म्हणून तेथील वकील या एका शब्दावरील टिचकीसाठीं कित्येक डॉलर मोजीत. झालें! ज्यांना त्या रोगाचें नांवहि धड उच्चारतां येत नव्हतें अशांनीं त्यावर संकेतस्थळें काढलीं. कवितेला, व्याकरणाला, गांवच्या इतिहासाला भाव नव्हता. विम्याला, कर्जाला, वकिलाला होता. पुढें तर लेखांचे कारखानेच निघाले. २००६ सालीं स्थापन झालेली ‘डिमांड मीडिया’ ही कंपनी लोक शोधयंत्राला काय विचारतात हें यंत्रानें हुडकी, त्यांवरून मथळे पाडी, आणि सुमारें १५ डॉलर लेखामागें देऊन ते भरून घेई. जानेवारी २०११ मध्यें तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारांत आले. पुढच्याच महिन्यांत गूगलनें आपल्या शोधयंत्रांत ‘पांडा’ या नांवानें ओळखला जाणारा फेरबदल केला. अमेरिकेंतील शेंकडा सुमारें १२ प्रश्नांच्या उत्तरांचा क्रम त्यानें बदलला, आणि असल्या कारखान्यांची दाणादाण उडाली. निकस माल बाजूस सारणें हें शोधयंत्राचें कर्तव्यच होतें, त्याबद्दल त्याला दोष देतां येणार नाहीं. प्रश्न एवढाच होता कीं, चाळणींतून कोंड्याबरोबर दाणेहि गळूं लागले तर दाद कोणाकडे मागावी?

या प्रश्नाचें उत्तर ‘मेटाफिल्टर’ च्या हकीकतींत मिळतें, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतों. मॅथ्यू हॉई यानें जुलै १९९९ मध्यें हें संकेतस्थळ काढलें. सभासदांनीं वाचनीय गोष्टी एकमेकांस दाखवाव्यात व त्यांवर सभ्यपणें चर्चा करावी, असा त्याचा साधा हेतु. सभासद होण्यास एकदांच पांच डॉलर द्यावे लागत. पुढें तेथें प्रश्नोत्तरांचा एक विभाग निघाला. मांजर जेवत नाहीं येथपासून बापाचें कर्ज मुलानें फेडावें का येथपर्यंत हरएक प्रश्नाला कोणी तरी जाणता मनुष्य मनापासून उत्तर देई. हीं जुनीं उत्तरें शोधयंत्राच्या वाटेनें येणाऱ्या लक्षावधि अनोळखी लोकांना सांपडत. त्यांच्यासमोर जाहिराती झळकत. आणि त्या उत्पन्नावर चर्चेची देखरेख करणाऱ्या माणसांचे पगार निघत. गांवच्या चावडीचा खर्च येणाऱ्याजाणाऱ्या वाटसरूंनीं भरावा, गांवकऱ्यांना कळहि लागूं नये, असा हा संसार होता. हॉई यानें त्यावर आपली नोकरी सोडली व इतरांनाहि नोकऱ्या दिल्या.

नोव्हेंबर २०१२ मध्यें एका रात्रींत शोधयंत्राच्या वाटेनें येणारे वाटसरू शेंकडा ४० नीं घटले. चावडी तीच, उत्तरें तींच, माणसें तींच. काय चुकलें हें कोणी सांगेना, कारण सांगण्यास कोणी बांधलेलाच नव्हता. शोधयंत्राशीं त्यांचा कसलाहि करार नव्हता; वाटसरू पाठवूं असें वचन कोणीं कधीं दिलें नव्हतें. दीड वर्ष कळ सोसून मे २०१४ मध्यें हॉई यानें सारी हकीकत उघड लिहिली, आणि कांहीं सहकाऱ्यांस निरोप द्यावा लागत असल्याचें जाहीर केलें. येथवर हिकीचीच कथा. यांत हेस्टिंग्ज कोणी नव्हता, सूड नव्हता, हुकूमहि नव्हता. यंत्राचा एक खिळा फिरला एवढेंच. परंतु ज्याच्या दारावरून रस्ता वळविला गेला त्याला, तो रागानें वळविला कीं अनवधानानें, यानें काय फरक पडतो?

हिकीच्या कथेहून ही कथा शेवटीं मात्र निराळी आहे. चावडी मोडूं घातली हें ऐकून गांवकरी जागे झाले. आजवर फुकट बसणाऱ्या सभासदांनीं दरमहा वर्गणी देण्यास आरंभ केला, आणि तें संकेतस्थळ जगलें. तिसरा आश्रय कोसळला तेव्हां दुसऱ्यानें हात दिला. पण तो हात कां दिला गेला, हें पाहिलें पाहिजे. पंधरा वर्षें त्या जागेंत माणसें एकमेकांस नांवानें ओळखत होतीं. मेसोथेलिओमावर संकेतस्थळ काढणारास असा हात कोणीं दिला असता?

इकडे वाचकहि जाहिरातींस विटला होता, व त्यांत त्याचा अपराध नव्हता. लेखाच्या कडेची चार ओळींची सौम्य जाहिरात जाऊन अंगावर येणाऱ्या, हलणाऱ्या, वाचकाची पाठ धरून तो पुढें कोठें जातो हें टिपणाऱ्या जाहिराती आल्या. दर घसरले म्हणून संख्या वाढविली, संख्या वाढली म्हणून वाचक विटला, वाचक विटला म्हणून दर आणखी घसरले, असें हें दुष्टचक्र आहे. सप्टेंबर २०१५ मध्यें ॲपलनें आपल्या भ्रमणध्वनींत जाहिराती अडविणाऱ्या साधनांस मुभा दिली. मार्को आर्मेंट या कसबी कारागिरानें तसलें एक साधन बाजारांत आणलें. तें विक्रींत अग्रस्थानीं पोंचलें. आणि दोनच दिवसांत त्यानें तें स्वतः होऊन मागें घेतलें. याचा घाव ज्यांना लागूं नये अशांनाहि लागतो, हें त्याचें कारण. या युगांत असें मन दिसलें, म्हणून त्याची नोंद येथें केली. घाव मात्र थांबले नाहींत. २००९ सालीं निघालेलें ‘ऑल’ हें न्यूयॉर्कचें स्वतंत्र वृत्तीचें संकेतस्थळ जानेवारी २०१८ मध्यें बंद पडलें. त्यानें घडविलेले लेखक आज मोठमोठ्या नियतकालिकांतून लिहितात.

मग या आश्रयावर कोणी तगलाच नाहीं काय? तगला. जॉन ग्रुबर यानें २००२ सालीं ‘डेअरिंग फायरबॉल’ हें एकट्याचें संकेतस्थळ काढलें, आणि २००६ पासून तोच त्याचा पूर्ण वेळचा उद्योग झाला. त्यानें एका आठवड्यास एकच पुरस्कर्ता घेण्याची चाल पाडली. जाहिरात तो स्वतः विकतो. कोणाची घ्यावी, कोणाची नाकारावी, हें तोच ठरवितो. आणि पुरस्कर्त्याचें आभारप्रदर्शन आपल्या शब्दांत करतो. त्याचा वाचक शोधयंत्राच्या कृपेनें वाट चुकून आलेला नसतो. तो त्याचेंच लिखाण वाचावयास रोज सरळ त्याच्या दारीं येतो. म्हणजे ही अडत नव्हे. हा शेजारधर्माचा व्यवहार आहे. पेठेंतल्या सराफानें ओळखीच्या संपादकास पाव पानाची जाहिरात द्यावी, त्यांतलाच हा प्रकार.

या सर्व हकीकतींवरून माझें जें मत बनलें तें असें. जाहिरातीविषयीं पूर्वींची पिढी जी भीति बाळगी, कीं पैसे देणारा लेखणीवर हुकूम चालवील, ती स्वतंत्र संकेतस्थळांच्या बाबतींत फारशी खरी ठरली नाहीं. वकिलाला आपली जाहिरात कोणत्या पानावर लागली याचा पत्ताहि नसे. तो हुकूम काय चालविणार? खरा धोका या अनोळखीपणांतच होता. लेखक जाहिरातदाराला ओळखत नाहीं, जाहिरातदार लेखकाला ओळखत नाहीं, वाचक दोघांनाहि ओळखत नाहीं; तिघांनाहि ओळखणारा एकच, तो मधला. वाचक आणणारा रस्ताहि त्याचा आणि पैसा आणणारा रस्ताहि त्याचा. असल्या स्वातंत्र्यांत मालक दिसत नाहीं, एवढेंच. तो नसतो असें नव्हे. जे तगले त्यांना वाचक किंवा जाहिरातदार यांपैकीं निदान एक तरी नांवानिशीं ठाऊक होता.

अमेरिकेच्या न्यायालयांनीं या मधल्याचा विचार अलीकडे केला आहे. ऑगस्ट २०२४ मध्यें तेथील एका न्यायाधीशानें शोधयंत्राच्या बाबतींत, व एप्रिल २०२५ मध्यें दुसऱ्या न्यायाधीशानें संकेतस्थळांस जाहिराती पुरविण्याच्या यंत्रणेच्या बाबतींत, गूगलनें कायद्याविरुद्ध मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. परंतु न्यायालयाचें चाक फिरेपर्यंत बाजार पुढें गेलेला असतो. मे २०२४ पासून अमेरिकेंत, व त्याच वर्षीं आपल्याकडेहि, शोधयंत्र प्रश्नाचें उत्तर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून स्वतःच देऊं लागलें आहे. तें उत्तर ज्यांच्या लेखांवर पोसलें, त्यांच्या पानापर्यंत जाण्याची गरज वाचकास पुष्कळदां उरत नाहीं. टपाल बंद करण्याऐवजीं टपालखात्यानेंच पत्र फोडून आंतला मजकूर वाचून दाखवावा, असा हा नवा प्रकार आहे.

मराठींत लिहिणाराची स्थिति तर आणखी नाजूक. ॲडसेन्सच्या यंत्राला आपल्या भाषांपैकीं हिंदी प्रथम कळूं लागली ती डिसेंबर २०१४ मध्यें, म्हणजे अकरा वर्षांनीं. मराठीची पाळी त्यानंतर आली. तोंवर मराठी पान हें त्या मंडईंत मालच नव्हतें. आजहि अमेरिकन वाचकाच्या टिचकीस जो भाव येतो त्याचा लहानसा अंशच आपल्याकडील टिचकीस येतो, कारण बोली लावणारे थोडे आणि त्यांची थैली हलकी. तेव्हां लिलावाच्या दरावर मराठी लेखकाचा संसार चालेल, ही आशा व्यर्थ आहे. पण ओळखीचा जो व्यवहार, त्याला भाषेचें लहानपण आड येत नाहीं. उलट लहान गांवांत ओळखी लौकर होतात.

एवढें सारें त्या विद्यार्थ्यापुढें बोललों नाहीं. त्याला घरीं जावयाचें होतें. “मग सर, नोकरी सोडूं नको म्हणतां?” त्यानें जरा हिरमुसून विचारलें.

“तसें नाहीं,” मीं म्हटलें. “तूं नाणेघाट किती वेळां चढला असशील?”

“वीस वेळां तरी.”

“माथ्यावर तो दगडी रांजण आहे ना? जकातीचा म्हणून दाखवितात तो. माल कोणाचा, गिऱ्हाईक कोण, याच्याशीं त्या रांजणाला कांहीं कर्तव्य होतें का?”

तो हंसला. मीं त्याला एवढेंच सांगितलें कीं, ज्या वाड्यावस्त्यांतून तूं लोकांना नेतोस तेथल्या खाणावळवाल्यांना आणि वाटाड्यांना तूं नांवानिशीं ओळखतोस. त्यांच्या चार ओळी स्वतः लिहून स्वतः छाप, आणि त्यांचा मोबदला स्वतः ठरव. तुझे नित्याचे वाचक कोण आहेत त्यांची वही घाल, म्हणजे उद्यां रस्ता वळला तरी तुला त्यांच्या घरीं जातां येईल. त्या वहींत पुरेशीं नांवें जमलीं म्हणजे राजीनामा लिही. तोंवर पतपेढी बरी.

जातांना तें पाकीट तो टेबलावर विसरला होता. जिन्यापर्यंत जाऊन परत आला, आणि नीट घडी घालून त्यानें तें खिशांत ठेवलें.